शेवाळ की कापूसगवत

"जिच्या गादीवर हा झोपेल, तिनं आमच्याबरोबर बेटावर यायचं," मांडीवरच्या बाळाला थोपटत माग्गा म्हणाली. रेनडिअर उन्हाळी चराईसाठी आधीच पोहून तिकडे गेले होते. तंबू, कुत्रा आणि सामान भरल्यावर बोटीत एकाच आजीपुरती जागा उरली होती.

तिच्या सासूनं, इंगानं, लाकडी पाळण्यात कापूसगवताच्या बोंडांची गादी पसरली. पांढरीशुभ्र, मऊ. गेल्या उन्हाळ्यात दलदलीत गुडघाभर उतरून तिनं एकेक बोंड खुडलं होतं.

"फुलांवर झोपेल माझा राजा. शेवाळावर बेडूक झोपतात."

"झोपू दे की," माग्गाची आई रिस्तेन म्हणाली. "मुतला की कळेलच."

कळायला फार वेळ लागला नाही. ओघळ थेट पाठीखाली गेला आणि बाळानं टाहो फोडला.

रिस्तेन उठलीच. तिनं पाळण्यात वाळवलेलं शेवाळ दाबून भरलं. "हे कितीही पाणी पितं, वर कोरडंच. दिसायला काही नाही, पण कामाला आहे. माझ्यासारखं."

"दिसायला नाही, हे खरं," इंगा म्हणाली. माग्गाला हसू आवरेना.

बाळाचे डोळे मिटले. पण लगेच ते अंग चोरून कण्हायला लागलं. रिस्तेननं पाळणा हलवला, गुणगुणून पाहिलं. काही उपयोग होईना. बाहेर माग्गाच्या नवऱ्यानं बोटीचं इंजिन सुरू केलं. रिस्तेनलाही हरवायला इंगाला आता फक्त गप्प बसायचं होतं.

तिनं पाळण्यात हात घातला, बाळाच्या मानेखाली चाचपलं आणि शेवाळातली एक टोचरी काडी काढली. बाळानं सुस्कारा सोडला. झोपलं.

"जा, विहीणबाई, बोचकं बांधा," इंगा म्हणाली आणि पाठ फिरवून आपलं ओलं कापूसगवत गोळा करायला लागली.

रिस्तेन त्या पाठीकडे बघत राहिली.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "मला बोट लागते."

माग्गा चमकली. आईचा सगळा जन्म मासेमारीत गेला होता. "आई, तुला कधीपासून बोट लागायला लागली?"

"आत्तापासून."

रिस्तेननं शेवाळाची पिशवी इंगाच्या हातात कोंबली.

"रोज बदलत जा, विहीणबाई. आणि फुलंबिलं घालू नका मध्ये."