हत्यारं पूजेत आहेत

दुपारचे तीन वाजले तरी डावा पंख साच्यातून सुटायला तयार नव्हता.

अनंत त्याच्या कडेत भात वाढायचा लाकडी डाव खुपसून बसला होता. डाव, कारण हातोडा, छिन्नी, पान्हे, रेझिन तोलायचा तराजू, सगळे कोपऱ्यात पाटावर झेंडूचे हार घालून आराम करत होते. आज दसरा. स्वयंपाकघरातल्या डावाला कोणी हार घालत नाही, त्यामुळे तो ड्यूटीवर होता.

"वाजला काय?" सहदेवने विचारलं. तो दुसऱ्या टोकाला बसून सायकलच्या पंपाने फटीत हवा मारत होता.

"काय वाजलं?"

"पंख. सुटताना टक् वाजता."

"मघाशी वाजली ती माझी मान."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा गाळा सहदेवचा. त्याआधी तो गिरणीत होता. संप मिटल्याचं त्याला अजून कोणी कळवलं नव्हतं, म्हणून कागदोपत्री तो संपावरच होता आणि गेली चार वर्षं फावल्या वेळात फायबरच्या टाक्या बनवत होता. अनंत विमा कंपनीत क्लार्क. दोन वर्षं दर सुट्टीला तो इथे येऊन विमान बांधत होता. माणूस बसेल असं नव्हे, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा फूट. उजवा पंख महिन्यापूर्वीच झाला होता आणि भिंतीला टेकून डाव्याची वाट बघत होता.

उद्या सकाळी पलीकडच्या मैदानावर उडवायचं. परवापासून तिथे नव्या सेक्टरच्या इमारतींचे खड्डे. चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. त्यातलीच एक अनंतने धावपट्टी म्हणून निवडली होती. सरळ होती.

"सहदेव, पंख सुटावा म्हणून मेण नीट मारलं होतंस ना आतून?"

"पाच हात मारलंय, अनंतराव. पाच! मग गेलंय मालाडला, रेझिन आणूक. येऊन बघतो तर खालचा साचा नुसता आरसा. म्हटलं, वा रे सहदेवा, काय हात हा तुझो. कापड अंथरला, रेझिन मारला."

"वरचा साचा तर झटक्यात सुटला."

"तोच तर प्रश्न आसा."

मालन, सहदेवची बायको, चहाचे कप घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली.

"आरसो मियाच केलंय," ती म्हणाली.

दोघांनी वर बघितलं.

"पूजेक हत्यारां घासूची लागतत ना? साचो पण हत्यारच. चिकट चिकट लागत होतो, म्हणान चिंच लावन घासलंय." तिने माळ्याकडे बोट दाखवलं. "वरचो माळ्यार होतो. हात नाय पोचलो."

सहदेवने पंप खाली ठेवला. अनंतने चहा घेतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "चहा छान झालाय, वहिनी."

पंख आता साच्याला असा चिकटला होता की दोघांचं लग्नच लागलं होतं. सहदेवने साच्यावर हात फिरवला. प्लास्टरचा साचा. आठ महिने अनंतने तो पॉलिशपेपरने घासला होता, ऑफिसात त्याच्या बोटांचे ठसे उमटेनासे झाले होते.

"साचा फोडलो तर पंख निघात," सहदेव म्हणाला.

"आणि साचा?"

"साचा गेलो. परत पंख मोडलो तर परत आठ महिने."

"फोड."

"कशान? डावान?"

कोपऱ्याकडे कोणी बघितलं नाही. दसऱ्याला पूजेतलं हत्यार उचलायचं नाही, हे सहदेवने गिरणीतही कधी मोडलं नव्हतं. आणि उचलायचं ते पूजलेल्या साच्याच्या डोक्यात घालायला. साच्याच्या कोपऱ्यावर मालनने सकाळीच लावलेलं कुंकू अजून ओलसर होतं.

मालनने कप खाली ठेवले. पाटासमोर बसली, हात जोडले, ओठातल्या ओठात देवाशी काहीतरी बोलली. मग हातोड्याचा हार काढून तो छिन्नीच्या गळ्यात घातला आणि हातोडा नवऱ्यापुढे धरला.

"पाप माझ्या नावार," ती म्हणाली. "मारा."

तिसऱ्या घावाला टक् वाजलं.

पंख निघाला. अख्खा, सरळ, पोटाला प्लास्टरच्या खपल्या घेऊन. सहदेवने एक खपली नखाने काढून बघितली तर खालचं कापड सोबत निघायला लागलं. त्याने ती परत दाबून बसवली.

तराजूलाही मग उठावं लागलं. त्याच्या दांडीच्या एका टोकाला उजवा पंख बांधला, दुसऱ्या टोकाला डावा. डावा खाली गेला. गेला तो गेलाच.

"असं उडालं तर डाव्या अंगाला वळत वळत गोराईच्या खाडीत जाईल," अनंत म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती.

मालनने पाटावरची आपट्याच्या पानांची जुडी उचलली. उजवा पंख आतून पोकळ. त्याच्या तोंडातून ती एकेक पान आत सरकवायला लागली. सहदेव दांडीकडे बघत होता.

"अजून?"

"घाल."

जुडी संपत आली तेव्हा दांडी सरळ झाली.

"वहिनी, पानं सुकली की हलकी होतील," अनंत म्हणाला.

"उद्या सकाळपर्यंत नाय सुकत, भावोजी."

"आणि परवा?"

"परवा खंय उडवूचा आसा?"

मालनच्या हातात एकच पान उरलं होतं. तिने ते अनंतच्या तळहातावर ठेवलं.