एकच टोपी

आमच्याकडे आइस हॉकीत एखाद्यानं एका सामन्यात तीन गोल ठोकले, की प्रेक्षक आपापल्या टोप्या बर्फावर भिरकावतात. माझी कारकीर्द राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसण्यातच गेली, त्यामुळे हा पराक्रम एकदाच घडला. तोही थंडर बे या माझ्या गावी, तिथल्याच टीमविरुद्ध. तिसरा गोल झाला आणि अख्खं गाव चिडीचूप! एकच टोपी बर्फावर येऊन पडली. लाल, लोकरीची, आमच्या बाबांची.

सामना संपल्यावर ती छातीशी धरून मी बाहेर आलो.

"बाबा, सगळ्या गावात कौतुक फक्त तुम्हालाच!"

बाबांनी टोपी हिसकावून घेतली आणि कानांवर ओढली.

"कौतुक कसलं, कपाळ! वैतागून फेकली. तुझ्याकडून तीन गोल खातो, हा काय गोलकीपर झाला?"