सलोमीबाईंची साक्ष

रविवारची उपासना संपली, की प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला बडोद्याच्या त्या मराठी चर्चमधले लोक एकेक करून उठायचे. आज कुणाची गाठ प्रार्थनेने विरघळली होती, कुणाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला होता. टाळ्या पडत होत्या. शेवटच्या बाकावर सलोमीबाईंचे डोळे सारखे मिटत होते. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं उरकून त्या बाजव्याहून कशाबशा पोचल्या होत्या. तो बरा व्हावा म्हणून याच लोकांनी उपास-प्रार्थना केल्या होत्या. टाळी वाजवण्याजोगं काही घडलं नव्हतं.

"सलोमीबेन, तुम्ही कधीच उठत नाही," पाळकसाहेब हसून म्हणाले. "प्रभूने तुमच्यासाठी काहीच केलं नाही का?"

पाळकसाहेब काही आता सोडत नाहीत, हे ओळखून सलोमीबाई पुढच्या बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"केलं ना. आज सकाळी नुकतीच बदललेली चादर यांनी लगेच पुन्हा घाण केली," त्या म्हणाल्या. "तरी आज यांच्यावर माझा हात उठला नाही."