गहिनीनाथांची तपासणी

“उपाशी म्हंजी चहा बी न्हाई?” गहिनीनाथांनी विचारलं.

“चहाही नाही, मामा. काल सांगितलं होतं ना?” सुनील हसला आणि सुई परत ठेवली. “उद्या या.”

कर्जतला पोटाच्या कॅन्सरचं शिबिर लागलं होतं. रक्त काढून पुण्याला पाठवायचं, आणि रक्तावरून ज्याच्या पोटात गडबड दिसेल त्यालाच पुढे दुर्बिणीच्या तपासणीला न्यायचं. रक्त काढायचं काम सुनीलकडे होतं. ढीगभर माणसं आली, पण असला म्हातारा दुसरा नाही. काल पिठलं-भाकरी हाणून आला, आज चहा ढोसून!

तिसऱ्या दिवशी गहिनीनाथ उपाशी आले खरे, पण सुई बघताच असे बोंबलले की रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. वर हाताला हिसडा देऊन काचेची नळी फोडली ती वेगळीच. दुसरा कोणी असता तर खेकसला असता. सुनीलनं काचा गोळा केल्या, म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवी सुई घेतली.

“पोट लई दुखतंय रं लेकरा,” गहिनीनाथ कण्हले. “जेवन जात न्हाई. मी काय आता वाचत न्हाई.”

सुनीलचे वडील अगदी असंच म्हणायचे. तेव्हा कोणी तपासलं नाही, आणि कळलं तोवर वेळ निघून गेली होती. या म्हाताऱ्याला तसं जाऊ द्यायचं नाही, हे त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

बाहेर लिंबाखाली गहिनीनाथांची मुलगी विजयमाला लुना घेऊन थांबली होती. बापाची बोंब ऐकून ती चक्क हसत होती. काय पोरगी म्हणावी ही! सुनीलचं डोकंच फिरलं.

“अहो, हसताय काय? मऊ भात घाला वडिलांना. जपा त्यांना,” तो म्हणाला. तिनं मान खाली घातली, पण हसू काही तिला आवरेना.

पुढे रोज संध्याकाळी गहिनीनाथ हजर. “आला का रिपोट?” शिबिराचे डॉक्टर पार वैतागले. सुनील मात्र म्हाताऱ्याला चहा पाजायचा, धीर द्यायचा.

“मामा, काही निघालंच तर मी स्वतः पुण्याला नेईन तुम्हाला. एकटं सोडणार नाही.”

म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघायचा.

रिपोर्ट आला त्या सकाळी सुनीलनं सगळ्यांत आधी गहिनीनाथांचं पाकीट फोडलं. सगळं ठीक! आनंदानं त्याला रडूच फुटलं. त्यानं सायकल काढली आणि गहिनीनाथांची वस्ती गाठली.

“मामा! पोट ठणठणीत आहे! काही झालेलं नाही तुम्हाला!” तो अंगणातूनच ओरडला.

गहिनीनाथ ओसरीवर ठेचा-भाकरी खात बसले होते.

“मला काय धाड भरलीया!” ते म्हणाले, आणि आत वळून त्यांनी हाक दिली, “विजू, कांदं-पव्हं टाक गं. आन् बनुबाई, या भायेर. पोरगं पसंत हाय आमाला. विजूला बी!”

पदर सावरत, हसत हसत बाहेर आली ती सुनीलची आई.