आत्याचं नाव

"एकोणीस बायका आणि नाव एकच? असं कसं, आजोबा?"

शिल्पकार मुलीने यादी टेबलावर ठेवली. चौकात निर्वासित बायकांचं स्मारक उभं राहत होतं. पुतळा तयार होता, खालच्या दगडावर उद्या नावं कोरायची होती. छावणीच्या जुन्या रजिस्टरातलं अक्षर या म्हाताऱ्याचं, म्हणून ती घर शोधत आली होती. तिची आजीही त्याच छावणीतली.

एक्केचाळीस वर्षं ही गोष्ट म्हाताऱ्याने पोटात ठेवली होती. बायकोलाही सांगितली नव्हती. आणि ती तर समोरच लोकर गुंडाळत बसली होती. त्याच छावणीतून ती या घरात आली होती.

"रांग ही एवढी," तो म्हणाला. "त्यांची भाषा कळेना. बरोबर पुरुष असला तर तो लिहून द्यायचा. एकट्या बाईचं नाव मात्र माझ्या कानात काही शिरायचं नाही. मग मी माझ्या आत्याचं नाव लिहून टाकायचो. दोन अक्षरी. लिहायला सोपं."

वर शेजारच्या कारकुनाला डोळा मारायचो, हे त्याने सांगितलं नाही. पण ते आठवलं आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"म्हणजे दगडावर तुमची आत्या एकोणीस वेळा?"

"अठरा वेळा. ती अठरा खोडून टाक, पोरी, पाया पडतो तुझ्या. हिचं नाव मात्र खरंच तेच निघालं. जेवणाच्या खिडकीवर मी कार्डांवरची नावं पुकारायचो, तेव्हा बाकीच्या नुसत्या बघत राहायच्या. ही लगेच पुढे यायची."

बायकोने लोकर बाजूला ठेवली आणि यादी पुढ्यात ओढली.

"घे गं लिहून," ती म्हणाली आणि कुठेही न अडखळता तिने अठरा नावं सांगितली. "झोपायच्या आधी आम्ही एकमेकींची नावं म्हणायचो. विसरायला नकोत म्हणून."

मग तिने आणखी एक नाव सांगितलं. लांबलचक, मध्येच वळण घेणारं. म्हाताऱ्याने ते कधीच ऐकलं नव्हतं.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"माझं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी भूक फार लागली होती हो, म्हणून तुमच्या हाकेला ओ दिली."