तिच्या वतीनं

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगच्या दारातच जिलानीभाईंनी दयानंदला छातीशी धरलं.

"या भाऊ. पहिल्या बारीला यायला लई हिंमत लागती."

दयानंदचं अंग ताठ झालं. उभ्या जन्मात त्यानं दारूला बोट लावलं नव्हतं. पिणारी, त्याची बायको उमादेवी, त्याच्या मागं उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. जिलानीभाई तिच्याकडं वळून अदबीनं म्हणाले की वहिनी, तुम्ही ह्यांना घेऊन आलात, फार बरं केलंत.

दयानंदची कानशिलं तापली. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मीटिंग शाळेच्या एका वर्गात होती, आत सगळे पुरुष होते, बाई एक नव्हती. एवढ्या परक्या पुरुषांत 'माझी बायको पिते' असं म्हणायचं कसं?

जळकोटला त्याचं खता-बियाण्यांचं दुकान होतं, गावात शब्दाला वजन होतं. उमादेवीची गर्भपिशवी काढली तेव्हापासून तिची कंबर धरायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही. कुणीतरी ब्रँडीचे दोन घोट घ्यायला सांगितलं. त्या दोन घोटांचं पुढं काय झालं हे दयानंदला कळलं ते ती एकदा भाकरी थापता थापता ओट्यापाशी कोसळली तेव्हा. मग त्यानं बाटल्या फोडल्या. तिचा फोन काढून घेतला. माहेरी जाणं बंद केलं आणि सोयऱ्याधायऱ्यांना तिला शुगर असल्याचं सांगून टाकलं. डॉक्टरांनी प्रश्न तिला विचारले, उत्तरं त्यानं दिली. तरी ती कुठून तरी मिळवायचीच.

शेवटी मोबाइलवर शोधता शोधता ह्या मीटिंगचा नंबर सापडला. फोनवर त्यानं 'घरात एक पेशंट आहे' एवढंच सांगितलं. जवळच्या उदगीरला ओळखीचे भेटतील म्हणून थेट लातूर गाठलं. वाटेत तिला बजावलं, तोंड उघडायचं नाही, नुसतं ऐकायचं.

बाकं गोल मांडली होती. जिलानीभाईंनी आधी स्वतःचं सांगितलं. मी जिलानी, मी मद्यपी, म्हणाले, आणि पोरीच्या साखरपुड्यात पिऊन कसा तमाशा केला ते काही न लपवता बोलले. मग अर्धापूरचा एक केळीचा व्यापारी उठला. आईला खांदा द्यायच्या वेळी तो गटारीत पडलेला होता. कुणी हसलं नाही, कुणी छी-थू केली नाही.

उमादेवी ऐकत होती. पदर डोक्यावरून कधी घसरला, तिला कळलंही नाही. दयानंदला कळलं, आणि तो आतून पेटला. घरात आपले चार शब्द कानावर घेत नाही, आणि ह्या बेवड्यांचं बघा कसं जीव लावून ऐकते!

"तुम्ही बोलता का, भाऊ?" जिलानीभाईंनी विचारलं. "जबरदस्ती न्हाई."

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आल्या, मग हळहळत तिच्याकडं गेल्या. शेजारचा म्हातारा पुटपुटला की त्या माउलीनं किती सोसलं असंल.

दयानंदच्या मस्तकात तिडीक गेली. सोसलं कुणी आणि कीव कुणाची! तो ताडकन उठला, सगळं सांगूनच टाकायला. तिच्याकडं बोट करायला म्हणून वळला. हिचं नाव एकदा बाहेर पडलं की आपल्या घराण्याचं काय राहील, हे त्याला लख्ख दिसलं.

"मी दयानंद," तो दात-ओठ खात म्हणाला. "मी पितो."

टाळ्या पडल्या. तो खाली बसला. आपण तिच्यासाठी केवढं मोठं काम केलं, हे ती मरेपर्यंत विसरणार नाही, असं त्याला वाटलं.

उमादेवी उभी राहिली. त्यानं दबक्या आवाजात 'खाली बस' म्हणून तिचा पदर ओढला. तिनं झटका देऊन तो सोडवून घेतला.

"हे खोटं बोलायलेत. ह्यांनी कधी थेंब घेतला न्हाई. पिते मी."

जिलानीभाई समजुतीनं म्हणाले, "ताई, भाऊंनी तुमच्यासाठीच केलं असंल ते."

"माझ्यासाठी?" ती रागानं त्यांच्याकडं वळली. "लगीन झाल्यापासून माझं समदं हेच बोलतेत. डॉक्टरला हेच, माहेरी हेच. आज माझी दारूबी ह्यांनी आपल्याच नावावर घेतली."