टोपीतली निळी फुलं

"आधी टोपी काढा, मग जेवायला बसा," बायको म्हणाली.

"राहू दे गं. सवय झालीय."

सवय म्हणे! सुट्टीचा रविवार, भर दुपार, घरात चूल धगधगतेय आणि हा गडी टोपी घालून बसलाय. काल रात्री झोपलासुद्धा तसाच. सुरुंगाचं तेल बनवणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. तिथे फाटकावर काडीपेटी, किल्ल्या, बुटाचे खिळेसुद्धा काढून घेतात. मग या टोपीत असं काय आहे की ती डोक्यावरून हलत नाही? पाणी कुठंतरी मुरत होतं, हे तिने कधीच ओळखलं होतं.

तिने कपाळ दाबलं. सकाळपासून ठणकत होतं. दर रविवारचंच.

सासू कोपऱ्यात मटार सोलत होती. "सूनबाई, आठवडाभर ठणठणीत असतेस. नवरा घरी असला की तुझं डोकं उठतं!"

"उठणारच. लपवाछपवी चाललीय ना घरात!" असं म्हणून तिने टोपी ओढलीच.

आतल्या पट्टीतून घडी घातलेली चिंधी पडली. तिने ती उचलली. तेलकट. गोडसर वास. आणि कापडावर बारीक निळी फुलं. तिच्या घरात असलं कापड कधी आलंच नव्हतं.

"कुणाची ही?"

त्याने टोपी तेवढी परत घेतली.

"अहो, कुणाची?"

"सुरुंगाच्या कांड्या गुंडाळणाऱ्या बायका असतात ना. त्यातल्या एकीने दिली."

"एकीने!" तिचा आवाज चिरकला. "ऐकलंत आई? आणि हे ध्यान ती उशाला घेऊन झोपतंय!"

सासूचे हात थांबले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. चिंधी मुठीत आवळून ती चुलीकडे वळली.

"थांब."

तो ओरडला नव्हता. उलट इतकं हळू बोलला की तिचा पायच अडखळला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्याला असा पांढराफटक पडलेला तिने पाहिला नव्हता.

"चुलीपासून मागे ये. सावकाश. मूठ उघड."

तिने उघडली. त्याने दोन बोटांनी चिंधी उचलली, खिडकीत ठेवली आणि मगच श्वास सोडला.

"त्यात तेल आहे. आमचं. थेंबभर."

"घरात?"

"आत जाताना झडती घेतात. बाहेर येताना कोण बघतंय!" तो खाली बसला. "नवख्याचं त्याच्या नुसत्या वासानं डोकं उठतं. सहा दिवस ते अंगात भिनतं, मग काही वाटत नाही. एक दिवस सुटलं की सोमवारी डोकं फुटतं बघ, समोरचं दिसत नाही. आणि माझं काम काय, तर तेल तापू न देणं. पारा किती चढला ते वाचायचं. एक आकडा चुकला तर माझ्यासकट तिथली चाळीस माणसं गेली. म्हणून रविवारपुरतं थोडं डोक्याशी ठेवायचं. चिंधी काय, कुणाच्याही झग्याची."

ती आपल्या तेलकट तळव्याकडे बघत राहिली.

"मग माझं डोकं? दर रविवारी? तुम्हाला ठाऊक होतं?"

तो टोपीची कड चाचपत बसला.

"त्यापेक्षा बाई असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

"आणि फाटकावरचे ते शहाणे?" सासूने विचारलं. "त्यांना पत्ता नाही?"

"आई, एकट्याचं असतं तर पत्ता लागला असता. सगळेच ठेवतात."

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या पायरीवर शेजारचे तिघे पत्ते पिसत बसले होते. तिघेही कारखान्यातलेच. तिघांच्याही डोक्यावर टोप्या. एकाने सिगारेट ओठांत धरली. दुसऱ्याने, वाऱ्याने विझू नये म्हणून, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या आडोशाला काडी ओढली.